घड्याळ, स्कूटी आणि डावीकडचा जिना

प्रत्येक मराठी घरात एक बिननावाचा कप्पा असतो. कुणाकडे कपाटाच्या तळाशी, कुणाकडे दिवाणाच्या आत. ओटीत आलेले ब्लाउज पीस, एकदाही न उघडलेला सहा ग्लासांचा खोका, कुणाच्या तरी वास्तुशांतीतलं भिंतीवरचं घड्याळ, झाकणाला स्टिकर तसंच असलेला स्टीलचा डबा अशी मंडळी तिथे पुढच्या कार्यक्रमाची वाट बघत पडलेली असतात. आमच्याकडेही तो कप्पा आहे. कुणाचं बारसं निघालं, की बाजारात जायच्या आधी आम्ही तिथे हात घालतो. ब्लाउज पीस तर अख्खं नागपूर फिरून येतात. धरमपेठेत मी दिलेला एक हिरवा तुकडा महाल आणि नंदनवन करत पुन्हा मानेवाड्याला माझ्याच ओटीत पडला होता. कोपऱ्यात मीच पेनानं केलेली बारीक खूण होती, म्हणून ओळखला. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तो तुकडा शिवण्यासाठी नसतोच मुळी, तो देण्याघेण्यासाठी असतो. आणि परगावी जायचं असलं तर नागपूरकराला तेवढाही विचार करावा लागत नाही. स्टेशनवर जाता जाता संत्रा बर्फीचा डबा घेतला की झालं.

परवा तो कप्पा आवरताना लक्षात आलं, की त्यात कुणी हातानं करून दिलेली एकही वस्तू नाही. आम्ही तसं ठरवलेलं नाही, पण ती तिथे जातच नाही. ती पुढे सरकवता येत नाही ना! मैत्रिणीनं माझ्यासाठी काढलेलं चित्र मी शेजारच्या काकूंच्या एकसष्टीला कसं देणार? त्यांनी घेतलं तरी त्या त्याचं करणार काय?

पण 'हातानं केलेलं' एवढं म्हटलं की ज्यांचा गळा दाटून येतो, त्यांच्यातली मी नाही, हे आधीच सांगते. माझ्या लग्नात रुखवत होतं. नारळाला डोळे आणि नथ चिकटवून केलेले नवरा-नवरी, सुपाऱ्यांची सप्तपदी, रंगीत तांदळांचं तुळशीवृंदावन, मॅटीवर भरलेलं 'सुस्वागतम', लोकरीचे दोन ससे आणि आईस्क्रीमच्या काड्यांचा दुमजली बंगला. मावश्या आणि माम्या दिवाळीपासून त्याच्यामागे लागल्या होत्या. दुपारी जेवणं उरकली की सतरंजी पडायची आणि क्रोशाच्या सुया निघायच्या. त्या माऊल्यांच्या कष्टांचं मोल मला कळत होतं. तरी खरं सांगायचं तर ते टेबल बघून मला आनंद वगैरे झाला नाही, कृतज्ञता वाटली. दोन्ही वेगळं असतं. आमच्या ओळीतल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात तेच नारळ, तेच ससे आणि तोच बंगला होता. पाटीवरचं नाव बदललं असतं तरी कुणाला कळलं नसतं. आता तर रुखवत भाड्यानं मिळतं, आणि तिथे खरोखर फक्त नावाची पाटी बदलतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. निदान माळ्यावर बंगला सांभाळावा लागत नाही.

मला आनंद होतो तो वेगळ्याच जागी. करणाऱ्याचा हात ठरलेल्या नमुन्यावरून चाललेला असतो आणि मध्येच कुठेतरी तो वळतो. माझ्यासाठी म्हणून वळतो. ती वळणाची जागा सापडली, की मला ती वस्तू माझी वाटते. बाकी सफाई किती, रंग नेमके लागलेत का, टाके सरळ आहेत का, हे सगळं मी नंतर बघते, आणि बघते हेही खरं.

पहिल्यांदा ती जागा मला सासूबाईंच्या हातात दिसली. लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. सासूबाई मूळच्या अमरावतीच्या, बोलायला कमी, हात मात्र सतत चालू. हलव्याचे दागिने बाजारात मिळत होतेच, पण त्यांनी ते घरी करायचं ठरवलं, आणि हलव्यापासून. हलवा घरी करणं काय असतं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायलाच हवं. परातीत खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा, परात अगदी मंद आचेवर ठेवायची, साखरेचा पाक चमच्यानं थेंब थेंब सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचं. पाक दाण्यांवर वाळला की पुढचा चमचा. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो, आच वाढली की साखर पिवळी पडते. हे एका बैठकीत होत नाही, दिवसचे दिवस थोडं थोडं करत न्यावं लागतं. बोटांची टोकं लाल होतात. हवा दमट असेल तर काटा येतच नाही. आमच्याकडची जानेवारीतली कोरडी थंडी मात्र त्याला मानवते. दाण्यावर पहिला काटा दिसला तेव्हा सासूबाईंनी मला हाक मारून तो दाखवला होता. तळहातावर घेऊन, चष्मा वर करून. त्यांच्या चेहऱ्यावर तेवढं कौतुक मी नंतर थेट नातवाच्या वेळीच पाहिलं.

मग दागिने. हार, तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, मंगळसूत्र. हे सगळं नेहमीचं, सगळ्यांच्या सुनांना असतं तसं. काळी साडी नेसून मी पाटावर बसले. त्या एकेक दागिना चढवत गेल्या, आणि शेवटी त्यांनी माझा डावा हात ओढून त्यावर एक घड्याळ बांधलं. हलव्याचं. पुठ्ठ्याची गोल तबकडी, कडेनं हलव्याची रांग, पट्टाही हलव्याच्या सराचा आणि मध्ये लवंगांचे दोन काटे.

तेव्हा मी बँकेत नोकरीला होते. सणावारीसुद्धा डाव्या हातात बांगड्या न घालता घड्याळ घालत असे. त्यावर घरात कुणी काही बोललं नव्हतं, सासूबाई तर नाहीच. हळदीकुंकवाला आलेल्या एका काकूंनी विचारलंच, "काहून वो, सुनेला घड्याळ घातलं का?" सासूबाई तिळगुळाची वाटी भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लागते तिला."

रात्री दागिने उतरवताना मी नीट बघितलं. लवंगांचे काटे कसेही चिकटवलेले नव्हते. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. मी रोज घरून निघायची ती वेळ.

ते घड्याळ आज नाही. बाकीचे दागिने आम्ही मोडून वाटून खाल्ले, घड्याळ मी डबीत जपून ठेवलं आणि उन्हाळ्याच्या आत मुंग्यांनी ते शोधून काढलं. फोटोत मनगट साडीच्या पदराखाली गेलंय. पण ते गेलं म्हणून माझं काही बिघडलं नाही. अशा वस्तूचं काम ज्या क्षणी आपण ती ओळखतो त्या क्षणी झालेलं असतं. टिकली तर बोनस.

धाकट्या जावेचा माठ मात्र टिकला आहे. ती यवतमाळला असते. २०२० च्या टाळेबंदीत अर्ध्या महाराष्ट्रानं वारली शिकून घेतली, तशी तिनंही घेतली. कप, बाटल्या, उंबरठा, कुंड्या, काही म्हणता काही सुटलं नाही. मी जरा वैतागलेच होते. मला वारली आवडते म्हणूनच वैतागले होते. पालघर-डहाणूकडच्या पाड्यांवर ही चित्रं मुळात लग्नाचा चौक म्हणून काढली जात. घरात लग्न निघालं की सवासिनी भिंत सारवून तांदळाच्या पिठानं चौक लिहीत, मध्ये पालघाट देवी. विकायला नाही, दाखवायला नाही. त्या घरच्या त्या लग्नासाठी. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा मशे कागदावर काढू लागले, तेव्हा बाहेरच्या जगाला ती दिसली. मशे यांना पुढे २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. बाई ज्या लग्नासाठी भिंत लिहायची ते लग्न तिच्या घरचं, भावकीतलं असायचं. तिथून निघालेली ही तारपा वाद्यावरच्या नाचाची साखळी आता सिव्हिल लाइन्सच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या मेळाव्यात की-चेनवर लटकते. चांगलंच आहे, चार घरं चालतात. पण म्हणून प्रत्येक बाटलीवर?

तर जावेनं माठ पाठवला. गेरूच्या रंगावर पांढरा तारपा नाच, सगळ्यांच्या माठांवर असतो तोच. मी तो फिरवत फिरवत बघत होते, आणि मागच्या बाजूला नाचाच्या साखळीतून सुटलेली एक बाई दिसली. दोन त्रिकोणांची, काडीच्या हातापायांची, इतर बायांसारखीच. फक्त ती स्कूटीवर होती आणि तिच्या तोंडाला डोळे सोडून सगळीकडे स्कार्फ गुंडाळलेला होता. एप्रिल ते जून नागपुरात रस्त्यावरच्या सगळ्या बाया अशाच दिसतात, कोण कुठली ओळखू येत नाही. ही मात्र मीच होते, कारण स्कूटीच्या हुकाला भाजीची पिशवी होती आणि पिशवीतून पालेभाजी बाहेर लोंबत होती. जावेला फोन केला तर ती नुसती हसत होती. म्हणाली, "वहिनी, तुम्ही बसस्टँडवर मला घ्यायला आल्या होत्या ना, तेव्हा तशाच होत्या." तो माठ पाण्याला वापरत नाही. रंग उतरेल म्हणून दिवाणखान्यात ठेवलाय, आणि येणाऱ्याला मीच तो फिरवून दाखवते.

जगातली मोठी माणसंही हेच करत आली आहेत, असं माझी एक मैत्रीण सांगते. ती चित्रकलेची शिक्षिका होती, तिच्याबद्दल पुढे येईलच. व्हिन्सेंट व्हॅन गॉखच्या भावाला ३१ जानेवारी १८९० रोजी मुलगा झाला आणि त्याचं नाव काकाचंच ठेवलं. काका तेव्हा दक्षिण फ्रान्समध्ये मनोरुग्णालयात होता. त्यानं बाळासाठी बदामाच्या बहरलेल्या फांद्या काढल्या, निळ्या आभाळावर पांढरी फुलं. बदाम तिकडे फार लवकर, हिवाळा सरता सरता फुलतो. ते चित्र त्या कुटुंबानं जपून ठेवलं. बाळ मोठं होऊन इंजिनिअर झालं आणि अॅमस्टरडॅममध्ये १९७३ मध्ये काकाच्या चित्रांचं जे संग्रहालय उघडलं, त्यामागे त्याचाच मोठा हात होता. आज त्या फांद्या छत्र्यांवर, मोबाइलच्या कव्हरांवर छापून विकतात. मला गंमत वाटते ती ही, की ते चित्र म्हणजे मुळात पुतण्याच्या बारशाची भेट.

आमच्याकडच्या काकांचं काम लाकडाचं. मोठे काका रेल्वेतून निवृत्त झाल्यावर सुतारकाम करायला लागले. छंद म्हणून, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे घरात पसारा करायला निमित्त म्हणून. माझा मुलगा चालायला लागला त्या वर्षी त्यांनी तान्ह्या पोळ्यासाठी नंदी केला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा पोळा असतो. मुलं नटूनथटून चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघर जातात आणि त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे पैसे किंवा खाऊ. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये हे सुरू केलं असं नागपुरात सांगतात. त्याच दिवशी शहरात काळी-पिवळी मारबत, म्हणजे ईडापीडेचे मोठे पुतळे, निघतात. इतक्या कष्टानं उभे केलेले ते पुतळे आणि सोबतचे बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, मिरवून, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत जाळून टाकायचे. एकाच दिवशी एक वस्तू जपायची आणि एक जाळायची, हे या गावालाच जमावं.

काकांचा नंदी सागवानाचा. आमचा महालातला जुना वाडा पाडला तेव्हा त्यांनी एका दाराच्या चौकटीचा तुकडा मागून आणला होता, त्यातून कोरलेला. शिंगं दोन बाजूंना दोन उंचीची आहेत. चेहरा बैलाचा कमी आणि आमच्या आजोबांचा जास्त. पण चाकं! बाजारातल्या नंदीला नाजूक, अरुंद चाकं असतात. काकांनी चांगली चार बोटं रुंद चाकं बसवली होती. आमच्या ले-आउटमध्ये तेव्हा डांबर पडलेलं नव्हतं, नुसती गिट्टी. काका एकदाच घरी येऊन गेले होते आणि तेवढ्यात त्यांनी रस्ता बघून ठेवला होता. इतर पोरांचे बैल गिट्टीत आडवे होत होते, माझ्या पोराचा रणगाड्यासारखा चालला होता. आता आमच्यापुढे सिमेंटचा रस्ता झाला आहे, अंगणापेक्षा उंच. पावसाळ्यात पाणी आत येतं, पण चाकांचा प्रश्न उरलेला नाही.

लहान मुलांच्या चित्रांबद्दल न लिहिलेलंच बरं, कारण मी ती टाकून देते. सगळी नाही, पण बरीच. दोन डोंगर, मधून सूर्य, खालून नदी, काठाला नारळ. नागपूरच्या पोरांनी असे डोंगर कुठे पाहिले आणि अंबाझरीच्या काठाला नारळ कुठून आले? हे शाळेनं काढून घेतलेलं चित्र असतं, पोरानं काढलेलं नसतं. भाचीचं एक मात्र मी ठेवलंय. तिनं आमचं कुटुंब काढलंय आणि सगळ्यांच्या मध्ये सगळ्यांपेक्षा मोठा कूलर आहे. त्याला तिनं पायसुद्धा दिलेत. मे महिन्यात आमच्या घरी येणाऱ्या कुणाही माणसाला घरातलं मुख्य माणूस कोण वाटेल, ते तिनं बरोबर ओळखलं होतं.

कूलरवरून आठवलं. नागपुरात कागदावरचं काही जपायचं म्हणजे ऋतूंशी वैर. चार महिने कडक ऊन, मे महिन्यात तर पंचेचाळिशीच्या आसपास, त्यावर कूलरचा ओलावा, मग पावसाळा, मग कसर. सीताबर्डीत एक फ्रेमवाले काका आहेत. त्यांनी मला शिकवलं ते असं. पश्चिमेच्या भिंतीवर चित्र लावायचं नाही, ती भिंत संध्याकाळी हाताला भाजते. कूलरच्या झोतात तर नाहीच नाही. काचेला कागद टेकता कामा नये, मध्ये माउंट हवाच, नाहीतर दमट हवेत रंग काचेला धरतो आणि मग सोडवता येत नाही. स्केचपेन उन्हात सगळ्यात आधी उडतो, जलरंग त्यापेक्षा बरा. स्वस्त कागद आपला आपणच पिवळा पडतो, कारण लाकडातलं लिग्निन त्यात राहिलेलं असतं. आणि लॅमिनेशन करायचं नाही. एका दुकानात मला तोच सल्ला मिळाला होता, म्हणून मुद्दाम विचारलं. काका म्हणाले, "लॅमिनेट केलं म्हणजे संपलं. मग ते निघत नाही. आधारकार्ड आहे का ते?"

ज्या चित्रासाठी मी त्यांच्याकडे गेले होते, ते त्या शिक्षिका मैत्रिणीचं. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दोघींनी बरोबर दिल्या. वस्तुचित्रात माझं भांडं दरवेळी कलंडायचं, पण स्मरणचित्रात मी पार बुडायचे. 'भाजीबाजार' म्हटलं की माझ्या कागदावर चार टोपल्या आणि एक बाई. तिच्या कागदावर तराजूच्या एका पारड्याखाली अडकवलेली चिंच दिसायची, आमच्या बुधवार बाजारातल्या भाजीवालीची खोड. पुढे मी बँकेत गेले आणि ती शाळेत चित्रकला शिकवायला गेली. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक चित्र आणून दिलं. "उघड नंतर," म्हणाली, आणि चहा न घेता निघाली. ही तिची जुनी सवय. स्वतःच्या चित्रासमोर कुणी काही बोलणार असेल तर ती तिथे थांबत नाही.

चित्रात आमचा वाडा होता. महालात, बडकस चौकाच्या आतल्या बाजूला. आता तिथे चार मजली अपार्टमेंट आहे, खाली मोबाइलचं दुकान. चित्रात अंगण, फरशीचे तुकडे, दोरीवरचं धोतर, कॅरिअरला उशी बांधलेली बाबांची सायकल आणि डावीकडे वर जाणारा लाकडी जिना. माणूस एकही नाही. जिन्याखालचा सगळा भाग तिनं काळपट निळा सोडलेला आणि त्यात एवढासा पिवळा ठिपका. मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले. जिन्याखाली साठचा बल्ब लावून मी अभ्यास करायचे. पोत्यावर बसून, पाय दुमडून, कारण सरळ केले तर बाहेर यायचे. ती शनिवारी माझ्याकडे यायची तेव्हा आम्ही दोघी तिथे मावायचो नाही, ती बाहेर फरशीवर बसायची. म्हणजे तिनं तो ठिपका जिथून पाहिला होता तिथूनच काढला होता.

चित्र फ्रेम होऊन भिंतीवर गेलं, मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि घरात महाभारत सुरू झालं.

धाकटा भाऊ सिंचन खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. त्याचा पाच मिनिटांत फोन. "ताई, चित्र लय मस्त आहे. पण तुझी मैत्रीण जिना डावीकडं दाखवून राहिली. तो उजवीकडं होता."

"डावीकडेच होता रे."

"मी सांगून राहिलो ना तुला. उजवीकडं. त्याच्यावरून मी पडलो होतो."

आता हे कुणाला विचारणार? आई-बाबा नाहीत. मोठे काका म्हणाले, मध्ये होता. आत्या म्हणाल्या, जिना लोखंडी होता, जो कधीच नव्हता. अंगणाचा एकच फोटो आहे, माझ्या मामेभावाच्या मुंजीतला, आणि त्यात नेमकं जिन्याच्या जागी मांडवाचं कापड आलेलं. मलाही खरं तर खात्रीनं सांगता येईना. रोज ते चित्र डोळ्यांसमोर असल्यामुळे आता मला जिना डावीकडेच आठवतो, सायकलही तिथेच आठवते. भावाच्या मुलानं तर वाडा पाहिलेलाही नाही, तो पोरगा छातीठोकपणे सांगतो, डावीकडे. त्याच्यापुरता वाडा म्हणजे ते चित्र. एखादी गोष्ट कुणी मनापासून काढली की ती खऱ्याची जागा घेते, हे मला भीतीदायकही वाटलं आणि आवडलंही. चुकीचा का असेना, पण आता आमच्याकडे एक जिना आहे. इतकी वर्षं तोही नव्हता.

मैत्रिणीला सांगितलं तर ती फणकारली. "तुझ्या भावाला म्हणावं, पेन्सिल घे अन् काढ तुझा तू."

त्यानं घेतली. हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. आयुष्यभर त्यानं कालवे आणि बंधारे आखले, पण कुणासाठी म्हणून कागदावर रेघ मारल्याचं आठवत नाही; आमच्या राखीला तो दरवर्षी पाकीटच द्यायचा. या वर्षी राखीला आला तो हातात गुंडाळी घेऊन. ग्राफ पेपरवर अख्ख्या वाड्याचा नकाशा. स्केल कोपऱ्यात लिहिलेलं, भिंतींची जाडी दोन रेघांनी दाखवलेली, विहीर, संडास, तुळस, गाईचा गोठा, सगळं फुटांत. तो म्हणाला, पावलांनी मोजलेलं डोक्यात होतं, लहानपणी अंगणात क्रिकेटची खेळपट्टी आखायचो ना. जिना अर्थातच कागदाच्या उजवीकडे. आणि जिन्याखाली तुटक रेघांचा एक चौकोन, त्यात इंजिनिअरांच्या त्या उभट अक्षरांत लिहिलेलं: 'ताई अभ्यास. ४ फूट × २॥ फूट. डोक्याला लागते.'

मी तो कागद किती वेळ धरून होते कोण जाणे. तो म्हणत होता, "जिना बघ ना, जिना."

संध्याकाळी मैत्रिणीला बोलावून घेतलं. तिनं चष्मा लावला, नकाशा टेबलावर पसरला, आधी नुसतं "हं" केलं. मग बोटानं खालच्या कडेवरून वर जात राहिली. मग पूर्ण कागद उलटा फिरवला आणि हसायला लागली.

"अगं, यानं खाली मागची बोळ धरली आहे. ओसरी आणि मोठं दार वर गेलंय. हा तर मागच्या दारातून आत शिरला! तिकडून जिना उजवीकडेच दिसणार."

मी लगेच भावाला फोन लावला. म्हटलं, "एक सांग, शाळेत असताना तू घरात कुठल्या दारानं यायचास?"

"मागच्या," तो म्हणाला. "समोर ओसरीवर बाबा बसून राहायचे ना."